नदी आणि अग्नी : यूला बिस यांच्या 'ऑन इम्युनिटी' या ग्रंथातील दुर्मीळ दाहप्रतिक्रियांचे स्थान

सारांश

अमेरिकन लेखिका यूला बिस यांचा 'ऑन इम्युनिटी : अ‍ॅन इनॉक्युलेशन' हा ललितचिंतनात्मक ग्रंथ २०१४ मध्ये ग्रेवुल्फ प्रेसने प्रकाशित केला. लसीकरणाविषयीची भीती, मातृत्व आणि सामाजिक बांधिलकी यांचा त्यात एकत्रित विचार आहे. लसीकरणानंतर क्वचित उद्भवणाऱ्या दाहजन्य प्रतिक्रियांना या ग्रंथात कोणते स्थान मिळते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. प्रतिकारशक्ती ही समाजाची सामाईक ठेव आहे, हा ग्रंथाचा मुख्य विचार ग्राह्य मानूनही, त्या ठेवीसाठी क्वचित कोणाला तरी सोसाव्या लागणाऱ्या हानीचा हिशेब त्यात अपुरा राहतो, असे येथे प्रतिपादन केले आहे. त्यासाठी भारतातील सेंपल लसीचा अनुभव आणि कोविड साथीतील घटना यांचा आधार घेतला आहे.

बीजशब्द : लसीकरण, दाह, दुर्मीळता, रूपक, काकतालीय न्याय, सेंपल लस.

प्रस्तावना

मराठीत 'लस' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. जखमेतून पाझरणारा पातळ स्राव म्हणजे लस आणि रोगप्रतिबंधासाठी टोचले जाणारे द्रव्यही लसच. या दुहेरी अर्थामागे इतिहास आहे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. भारतातील ही पहिली यशस्वी लसटोचणी मानली जाते. तिच्या दंडावर आलेल्या फोडातील लस घेऊन पुढची मुले टोचली गेली आणि त्यांच्यापासून आणखी पुढची. एका मुलाच्या अंगावरचा दाह हेच दुसऱ्या मुलाचे संरक्षण होते. प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या आणि बाटलीबंद येणाऱ्या आजच्या लसीमुळे हा संबंध दृष्टीआड झाला असला, तरी भाषेने तो जपून ठेवला आहे.

एकाच्या शरीराचे दुसऱ्याच्या शरीराशी असलेले हे नाते यूला बिस यांच्या ग्रंथाचा केंद्रबिंदू आहे. बिस या वैद्यकशास्त्रज्ञ नाहीत, त्या निबंधकार आहेत. २००९ साली स्वाइन फ्लूच्या साथीच्या सुमारास त्या आई झाल्या. आपल्या बाळाला लस द्यावी की नाही, या प्रश्नाभोवती इतर मातांमध्ये चाललेली कुजबुज त्यांनी ऐकली आणि त्या कुजबुजीचा शोध घेता घेता हा ग्रंथ आकाराला आला. त्यात पुराणकथा, 'ड्रॅक्युला'सारखी कादंबरी, वैद्यकाचा इतिहास, जोखमीचे मानसशास्त्र आणि स्वतःच्या घरातील प्रसंग यांची गुंफण छोट्या छोट्या प्रकरणांतून केली आहे. साहित्यकृती आणि सामाजिक दस्तऐवज अशा दोन्ही दृष्टींनी तो विचारात घ्यावा लागतो.

ग्रंथाची भूमिका

बिस यांचे प्रतिपादन थोडक्यात असे मांडता येईल. माणूस आपल्या शरीराला स्वतंत्र आणि बंदिस्त वास्तू समजतो. प्रत्यक्षात शरीराच्या सीमा सच्छिद्र असतात. इतरांचे जंतू आपल्यात येतात, तशी इतरांची प्रतिकारशक्तीही आपले रक्षण करते. इंग्रजीतील 'इम्युनिटी' या शब्दाचा मूळ अर्थ सार्वजनिक कर्तव्यातून मिळालेली सूट असा होता. बिस हा शब्द उलटा फिरवतात. त्यांच्या दृष्टीने प्रतिकारशक्ती ही सूट नसून कर्तव्य आहे. सामूहिक प्रतिकारशक्तीला त्या सर्वांनी भर घालायच्या बँकेतील खात्याची उपमा देतात. ज्यांना वयामुळे, आजारामुळे किंवा परिस्थितीमुळे त्यात भर घालता येत नाही, त्यांनाही या खात्यातून संरक्षण मिळते.

शरीर ही रणभूमी आहे, या वैद्यकात रूढ झालेल्या रूपकालाही त्या नकार देतात. ग्रंथाच्या शेवटी व्होल्तेअरच्या 'कांदीद'मधील बागेचा आधार घेऊन त्या शरीराकडे आणि समाजाकडे बाग म्हणून पाहतात. आपण एकमेकांच्या बागेचे राखणदार आहोत, असा हा विचार आहे. लसीकरण नाकारणारा वर्ग बहुधा सुशिक्षित आणि सुस्थितीतील असतो आणि त्याच्या नकाराची किंमत दुर्बलांना मोजावी लागते, हे त्यांनी निर्भीडपणे दाखवले आहे. आपल्या स्वतःच्या वर्गाची अशी झडती घेणारे लेखन विरळा असल्याने या ग्रंथाचे मोल निर्विवाद आहे.

'नंतर' आणि 'मुळे'

लसीकरणोत्तर प्रतिक्रियांच्या चर्चेत मुख्य अडचण दोन मराठी शब्दांत सांगता येते. 'लसीनंतर' आणि 'लसीमुळे' हे दोन भिन्न शब्दप्रयोग आहेत. परंतु दुःखाच्या क्षणी पहिला दुसऱ्यात सहज विरघळतो. संस्कृत परंपरेने याला काकतालीय न्याय म्हटले. मराठी लोकभाषेत कावळा बसला आणि फांदी मोडली, असे म्हणतात. आरोग्ययंत्रणा 'लसीकरणानंतरची प्रतिकूल घटना' असा शब्दप्रयोग करते. त्यात 'नंतर' हा शब्द जाणीवपूर्वक योजलेला आहे. कारण सिद्ध होईपर्यंत केवळ कालक्रम नोंदवायचा, ही त्यामागची शिस्त आहे.

ही शिस्त मोडल्याने काय घडते, याचे ठळक उदाहरण म्हणजे १९९८ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आलेला अँड्र्यू वेकफिल्ड आणि सहकाऱ्यांचा निबंध. केवळ १२ मुलांच्या निरीक्षणावरून एमएमआर लस आणि आत्ममग्नता यांचा संबंध त्यात सुचवला गेला. पुढील व्यापक अभ्यासांत तो टिकला नाही आणि २०१० मध्ये 'लॅन्सेट'ने निबंध मागे घेतला. मात्र त्याने पेरलेला संशय मागे घेता आला नाही. बिस यांनी या प्रकरणाची मांडणी करताना घाबरलेल्या पालकांची टवाळी केलेली नाही, हे त्यांच्या लेखनाचे वैशिष्ट्य आहे.

तथापि काकतालीय न्यायाचा वापर दुसऱ्या टोकालाही होऊ शकतो. प्रत्येक वेळी फांदी आपोआपच मोडली, असे म्हणणे हादेखील पुराव्याविना काढलेला निष्कर्ष ठरतो. कावळा बसलेल्या आणि न बसलेल्या हजारो फांद्यांची तुलना केल्याखेरीज काहीच ठरत नाही. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने २०११ साली अशीच तपासणी केली. बिस यांनी तिचा उल्लेख केला आहे. समितीने लस आणि प्रतिकूल घटना यांच्या १५८ जोड्या तपासल्या. त्यांपैकी १४ जोड्यांत कार्यकारणसंबंध खात्रीने आढळला. एमएमआर लसीमुळे येणारे तापातील झटके, प्रतिकारशक्ती अत्यंत क्षीण असलेल्या रुग्णांत गोवराच्या लसविषाणूमुळे क्वचित होणारा मेंदूदाह, काही लसींमुळे येणारी तीव्र अ‍ॅलर्जी यांचा त्यात समावेश होता. १३५ जोड्यांबाबत पुरावा कोणत्याही बाजूने निर्णय देण्यास अपुरा ठरला. अपुरा पुरावा म्हणजे निर्दोषत्व नव्हे आणि दोषसिद्धीही नव्हे. सामान्य वाचकाला ही मधली अवस्था पचवणे सर्वांत कठीण जाते. बिस या समितीच्या निष्कर्षांची यादी देतात आणि ती यादी किती छोटी आहे, याकडे लक्ष वेधून पुढे जातात. प्रस्तुत चिकित्सेचा आरंभ नेमका याच ठिकाणी होतो.

कथेतील अग्नी

ग्रंथ सुरू होतो तो अकिलीसच्या कथेने. डॉक्टर असलेल्या वडिलांनी लहानपणी सांगितलेली ती कथा आहे. आपला मुलगा अमर व्हावा म्हणून थेटिस त्याला स्टिक्स नदीत बुडवते. टाच तेवढी तिच्या हातात राहते आणि तीच पुढे त्याच्या मृत्यूचे द्वार ठरते. कोणताही पालक आपल्या अपत्याला पूर्णपणे अभेद्य करू शकत नाही, हा अर्थ बिस या कथेतून काढतात आणि ग्रंथभर त्याकडे परत येतात.

या कथेचे दुसरे रूपही ग्रंथारंभी येते. त्यात थेटिस मुलाचा मर्त्य अंश अग्नीत जाळते. नदीची कथा रोमन कवी स्टेशियसच्या, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकातील काव्यात दिसते. अग्नीची कथा त्याहून जुनी असून इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातील कवी अपोलोनिअसच्या महाकाव्यात आहे. त्यानुसार थेटिस रोज रात्री बाळाला आगीत धरत असे. एका रात्री पिता पेलेउस जागा झाला, ज्वाळांत तडफडणारे मूल पाहून किंचाळला, आणि रागावलेली थेटिस मुलाला टाकून कायमची निघून गेली. बिस अग्नीचा उल्लेख करतात, परंतु विवेचनासाठी नदी निवडतात.

ही निवड साधी वाटली तरी तिचे परिणाम दूरगामी आहेत. नदीच्या कथेत संरक्षणाची क्रिया स्वतः निरुपद्रवी असते. धोका उरतो तो संरक्षण न पोहोचलेल्या टाचेत. अग्नीच्या कथेत मात्र संरक्षण करणारी गोष्टच पोळणारी आहे. शरीरशास्त्रदृष्ट्या लसीकरण या दुसऱ्या कथेच्या अधिक जवळ आहे. लस टोचल्यावर दंड लाल होणे, सुजणे, ताप येणे हा दाहच होय आणि सामान्यतः तो प्रतिकारसंस्था कामाला लागल्याची खूण असतो. क्वचित प्रसंगी हीच प्रक्रिया मर्यादा किंवा दिशा सोडते. मज्जातंतूंच्या आवरणावर ती उलटली, तर गुलेन बॅरी सिंड्रोमसारखा विकार उद्भवतो. हृदयाच्या स्नायूंत ती शिरली, तर मायोकार्डायटिस. 'कुंपणच शेत खाते' ही म्हण येथे लागू पडते. मात्र म्हणीतला विश्वासघाताचा सूर शरीराला लावता येत नाही. कुंपण दुष्ट झालेले नसते, त्याची ओळख चुकलेली असते.

बिस यांच्या बागेच्या रूपकात या घटनेला जागा नाही. बागेत कीड असते, तण असतात, शेजाऱ्याची मुळे आत येतात. पण बागेचे खत बागेतील एखादेच रोप जाळून टाकते, हा अनुभव त्यांच्या बागेत येत नाही. परिणामी ग्रंथात पालकाची भीती सूक्ष्मपणे रेखाटली जाते, तर ज्याच्या बाबतीत भीती खरी ठरली तो रुग्ण प्रामुख्याने समितीच्या यादीतील एक नोंद म्हणून उरतो. पेलेउसची किंकाळी या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. आगीचा हेतू त्याला कळला नाही, हे खरे; परंतु त्याने पाहिलेली आग खोटी नव्हती.

'दुर्मीळ' या विशेषणाची मर्यादा

'दुर्मीळ' हे विशेषण समूहाला लागते. दहा लाखांत एक असे म्हणताना मोजणाऱ्याची नजर दहा लाखांवर असते. धोरण ठरवण्यासाठी ती नजर आवश्यकच आहे. गोवर झालेल्या सुमारे हजार मुलांत एकाला मेंदूदाह होतो. लसीनंतर असा विकार फार तर दहा लाखांत एकाच्या आसपास मानला जातो. ही तुलना डोळ्यांसमोर ठेवली, तर लस घेण्याच्या बाजूचा कौल स्पष्ट आहे. १९७६ साली अमेरिकेत स्वाइन फ्लूविरुद्ध सुमारे साडेचार कोटी लोकांना लस देण्यात आली. तेव्हा दर लाखामागे सुमारे एक अतिरिक्त गुलेन बॅरी रुग्ण आढळल्याने आणि अपेक्षित साथ न आल्याने मोहीम थांबवण्यात आली. जोखीम छोटी होती. परंतु समोरचा धोकाच नाहीसा झाल्यावर ती छोटी जोखीमही समर्थनीय राहिली नाही. दुर्मीळतेचा अर्थ असा नेहमी तुलनेतून ठरतो.

येथे आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बॅरी सिंड्रोमचे अनेक रुग्ण आढळले आणि हे अवघड नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. त्या उद्रेकाचा संबंध लसीशी नव्हता. दूषित पाण्यातून होणाऱ्या कॅम्पायलोबॅक्टर जंतूच्या संसर्गाशी तो जोडला गेला. शरीराची चुकलेली ओळख ही लसीची मक्तेदारी नाही. साधा जंतुसंसर्गही तिला कारणीभूत ठरतो, किंबहुना अधिक वेळा ठरतो.

तरीही ज्याचे पाय लुळे पडले, त्याच्यासाठी घटना दहा लाखांत एक नसते. या दोन्ही विधानांत विरोध नाही. दोन्ही एकाच वेळी खरी आहेत, आणि लसीकरणाविषयीच्या लेखनाची खरी कसोटी ती दोन्ही एकाच वाक्यात पेलण्यात आहे. बिस पहिले विधान समर्थपणे पेलतात.

सेंपल लसीचा भारतीय अनुभव

भारतीय वाचकाला या ग्रंथाचे वाचन करताना एक अनुभव आठवल्याशिवाय राहत नाही. पिसाळलेला कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, ही महाराष्ट्रातील काही पिढ्यांची सामाईक स्मृती आहे. ती इंजेक्शने सेंपल लसीची होती. डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली कसौली येथे ती विकसित केली. मेंढीच्या मेंदूत वाढवलेला रेबीजचा विषाणू फिनॉलने निष्क्रिय करून ती तयार होत असे. त्यामुळे विषाणूबरोबर मेंढीच्या मेंदूतील मायलिन हे द्रव्यही माणसाच्या शरीरात जाई. काही रुग्णांत प्रतिकारसंस्था या परक्या मायलिनविरुद्ध जागी होऊन स्वतःच्या मेंदूवर आणि मज्जारज्जूवर उलटत असे. त्यातून पक्षाघात आणि प्रसंगी मृत्यू ओढवे. येथे 'नंतर' आणि 'मुळे' यांतील अंतर संशोधनाने पूर्णपणे मिटवले होते.

रेबीज झाल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असल्याने दुसरा उपाय नसताना ही लस देणे योग्यच होते. प्रश्न निर्माण झाला तो पेशीसंवर्धनातून तयार झालेल्या सुरक्षित लसी उपलब्ध झाल्यावर. त्या महाग होत्या. ज्यांना परवडत होत्या त्यांनी त्या विकत घेतल्या. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणारी सेंपल लस गरिबांच्या वाट्याला येत राहिली. भारतात तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीस थांबले आणि २००६ मध्ये कमी मात्रेत त्वचेत टोचण्याच्या स्वस्त पद्धतीला मान्यता मिळाली.

या इतिहासाने बिस यांच्या मांडणीला एक महत्त्वाची पुरवणी जोडली जाते. १८९८ च्या सुमारास अमेरिकेतील केंटकी राज्यात कृष्णवर्णीयांना बंदुकीच्या धाकाने लस टोचण्यात आली, हे त्या नोंदवतात. सक्तीतील विषमतेचे त्यांना भान आहे. परंतु त्यांच्या समकालीन चौकटीत सर्वांसमोर एकच लस आहे आणि ती घ्यायची की नाकारायची, एवढाच प्रश्न आहे. भारतीय संदर्भात दुर्मीळ प्रतिक्रियेचा प्रश्न वेगळ्या रूपात पुढे येतो. सुरक्षित पर्याय अस्तित्वात असताना जुनी जोखीम कोणाच्या दंडावर किंवा पोटावर टोचली जाते? या प्रश्नाला संख्याशास्त्र उत्तर देऊ शकत नाही, कारण जोखमीची सरासरी तिची वाटणी दाखवत नाही.

कोविडोत्तर वाचन

ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर सहा वर्षांनी आलेल्या साथीने त्यातील विचार कसाला लावला. २०२१ च्या वसंतात अ‍ॅस्ट्राझेनेका लसीनंतर काही व्यक्तींत रक्ताच्या गुठळ्या आणि प्लेटलेट्सची घट एकत्र आढळली. 'प्लेटलेट फॅक्टर ४' या प्रथिनाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे त्यामागे असल्याचे युरोपातील संशोधकांनी अल्पावधीत दाखवले. ब्रिटनने ७ एप्रिल २०२१ रोजी तिशीच्या आतील, आणि पुढे मे महिन्यात चाळिशीच्या आतील व्यक्तींना शक्यतो दुसरी लस देण्याचे ठरवले. त्याच वर्षी एमआरएनए लसींनंतर, विशेषतः दुसऱ्या मात्रेनंतर, तरुण पुरुषांत मायोकार्डायटिसचे प्रमाण थोडे वाढलेले दिसले आणि तशी सूचना लसीच्या माहितीपत्रकात समाविष्ट झाली. बहुतेक रुग्ण बरे झाले. दुर्मीळ प्रतिक्रिया उघडपणे मान्य केल्याने ब्रिटनमधील मोहीम कोसळली नाही. उलट कोणाला कोणती लस द्यावी, हे अधिक अचूक ठरवता आले.

याच्या उलट अनुभव भारतात २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत आला. ब्रिटनमधील न्यायालयीन कागदपत्रांत कंपनीने अशी गुठळीची प्रतिक्रिया अतिशय क्वचित संभवते असे मान्य केल्याची बातमी आली आणि त्याच सूत्राची कोविशिल्ड घेतलेल्या असंख्य लोकांत घबराट पसरली. वस्तुतः ती माहिती तीन वर्षे वैद्यकीय साहित्यात उपलब्ध होती. सामान्य माणसाला ती योग्य वेळी, त्याच्या भाषेत, तुलनेसह मिळाली नाही. त्यामुळे जुनी माहिती त्याला गौप्यस्फोटासारखी भासली. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी जेकब पुलियल खटल्याच्या निकालात प्रतिकूल घटनांची नोंद नागरिकांना आणि खासगी डॉक्टरांना करता यावी व ती माहिती सार्वजनिक असावी, असे सांगितले होते. त्या निर्देशाचे महत्त्व या घबराटीच्या पार्श्वभूमीवर अधिक ठळक होते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. 'ऑन इम्युनिटी' हा लसीकरणाविषयीच्या भीतीचा प्रगल्भ आणि सहृदय अभ्यास आहे. प्रतिकारशक्ती सामाईक आहे, हा त्यातील विचार साथीच्या अनुभवानंतर अधिकच पटण्यासारखा आहे.

२. ग्रंथातील मध्यवर्ती रूपके, म्हणजे नदी, बाग आणि बँकेतील खाते, संरक्षणाच्या प्रक्रियेतूनच होणाऱ्या इजेला पुरेशी जागा देत नाहीत. ग्रंथाच्या आरंभी येऊन मागे पडलेला अग्नी या इजेचे अधिक यथार्थ रूपक ठरला असता.

३. खात्याचे रूपक शेवटपर्यंत न्यायचे, तर जमेबरोबर नावेही लिहावे लागते. सर्वांच्या संरक्षणासाठी केलेल्या कृतीतून एखाद्याची हानी झाली, तर ती समाजाच्या खात्यावर पडते. ब्रिटनने १९७९ मध्ये आणि अमेरिकेने १९८६ मध्ये केलेल्या भरपाईच्या कायद्यांमागे हेच तत्त्व आहे. दोष सिद्ध करण्याचे ओझे त्यात रुग्णावर टाकलेले नाही.

४. सेंपल लसीचा इतिहास दाखवतो की दुर्मीळतेइतकाच जोखमीच्या वाटणीचा प्रश्नही महत्त्वाचा आहे.

लसीविषयी संशय पसरवणारे लेखन एका रुग्णाची हकिकत सांगते आणि लाखो वाचलेल्यांना विसरते. लसीचे समर्थन करणाऱ्या लेखनाकडून त्याच्या नेमकी उलट चूक होण्याचा धोका असतो. बिस यांचा ग्रंथ या धोक्याच्या अगदी जवळ येतो, पण त्यांच्या ठायी असलेली करुणा त्यांना बऱ्याच अंशी सावरते. दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी एका मुलीच्या दंडावरच्या फोडातून मुंबईच्या इतर मुलांना संरक्षण मिळाले. तेव्हा संरक्षण कोणाकडून आले, हे त्यांच्या घरच्यांना माहीत होते. लसीकरणाविषयीच्या पुढील लेखनाने ती ओळख पुन्हा करून दिली, तर लोकांचा लसीवरील विश्वास कमी होण्याऐवजी वाढण्याचीच शक्यता अधिक आहे.